खुंट्यावरचे एकतीस तास

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते. मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असा अनुभव आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला गळाच नाही. मला पंखा आहे, दोन पंख आहेत, तीन चाकं आहेत आणि शेपटीवर एक दिवा आहे, तो गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे.

मी दोन जणांना बसता येईल एवढं एक जुनं विमान. अमरावतीबाहेरच्या माळावर वैमानिक घडवणारी एक शाळा होती, तिथे मी चाकरीला होते. आमचे मेस्त्री डोमाजी मला ‘बुढी’ म्हणत, म्हणून मीही बाईमाणसासारखीच बोलते. चाळीस वर्षांची झाल्यावर आणखी वाद कोण घालणार!

माझा जन्म अमेरिकेतल्या गव्हाच्या मुलखात झाला. पातळ पत्रे, हजारो रिबिटा आणि शेवटी एक रंगाचा हात. पहिल्यांदा उडाले तेव्हा खालचं सगळं पिवळं होतं. मग मला लाकडी खोक्यात घालून बोटीने हिंदुस्थानात पाठवलं. दोन-तीन गावं फिरून मी वऱ्हाडात आले. इथली जमीन वरून काळी दिसते आणि उन्हाळ्यात तिच्यावरून अशी गरम हवा उठते की विमान सुपात पाखडल्यासारखं वरखाली होतं. नवशिक्यांना ओकारी येते. मला मात्र मजा यायची.

तेव्हा कुंदा मॅडम मुख्य प्रशिक्षक होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर सुती रुमाल, आणि जिभेला धार अशी की उतरलेल्या पोरांना पुन्हा वर जावंसं वाटे. सकाळी शिकाऊ मुलं ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायला धावत. त्या म्हणत, “मला नंतर. आधी तिला.” म्हणजे मला. आधी माझं तेल बघायचं, पेट्रोलची टाकी उघडून आत डोकवायचं, पंखांच्या कडेवरून हात फिरवायचा. आणि कुणी मला धावपट्टीवर आपटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, “याला उतरणं म्हणत नाहीत बाळा, याला सुटका म्हणतात. चल, पुन्हा.” त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज मोठमोठी विमानं चालवतात. दुपारी आभाळात उंचावर पांढरी रेघ उमटते, तेव्हा मी खालून बघते. त्यातली एखादी रेघ माझ्या पोराची असेल, असं समजायला माझं काय जातं?

आता हे विमान चालवण्याचं लायसन कसं मिळतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच्यावरच आहे. हवामानाचे, दिशा काढण्याचे, नियमांचे पेपर द्यावे लागतात. डॉक्टर डोळ्यापासून नखापर्यंत तपासतात. आणि मुख्य म्हणजे दोनशे तास उडावं लागतं. त्यातले निम्मे एकट्याने, आणि त्या एकट्याच्या तासांतले काही परगावी जाऊन, तिथे उतरून, परत यायचं. प्रत्येक तास वहीत लिहायचा. त्या वहीवर सरकार विश्वास ठेवतं. त्या वहीच्या जिवावर पुढे दीडशे-दोनशे माणसं डोळे मिटून विमानात झोपा काढतात. म्हणजे बघा, केवढी मोठी झोप आहे ती!

कुंदा मॅडम निवृत्त झाल्या आणि कॅप्टन यशोधन आले.

वाईट माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत असता तर किती बरं झालं असतं. कॅप्टन यशोधन अतिशय गोड माणूस. कडक इस्त्री, मंद अत्तर, कुणालाही अहो-जाहो. मुलांच्या वाढदिवसाला स्वतः पेढे आणायचे. त्यांच्या काळात माझ्या दोन्ही बहिणी, म्हणजे शाळेची दुसरी दोन विमानं, आजारी पडल्या. एकीचं चाक दुसरीला लावलं, दुसरीचा पंखा मला लावला, आणि उरलेल्या दोघी शेडच्या मागे गवतात गेल्या. शिकणारी मुलं साठ, उडणारी मी एकटी. त्यात परगावी जायचं तर तिथल्या धावपट्टीची परवानगी काढा, पत्र पाठवा, आगीचा बंब उभा करून घ्या, दहा ठिकाणी फोन करा. कॅप्टनसाहेबांना हे सगळं फार त्रासाचं वाटे. आणि माणसाला त्रास नको झाला की त्याला युक्ती सुचते.

विमानतळावर सिमेंटमध्ये लोखंडी कड्या पुरलेल्या असतात. वावटळ आली तर विमान उलटू नये म्हणून त्याला दोरांनी त्या कड्यांना बांधतात. वऱ्हाडातली पोरं त्याला सरळ ‘खुंटा’ म्हणत. तर कॅप्टनसाहेबांची युक्ती अशी: विमान खुंट्याला बांधायचं. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावायचे. शिकाऊ मुलाला आत बसवायचं. इंजीन सुरू करायचं. माझ्या पोटात तास मोजणारं एक यंत्र आहे, ते इंजीन चालू असलं की फिरतं. ते बिचारं बाहेर बघत नाही. दीड तास फिरलं की दीड तास उड्डाण झालं. पेट्रोलही कमी. परवानगी नको, बंब नको, अपघाताची भीती नको. जगात इतकं सुरक्षित विमानोड्डाण अजून कुणी शोधलेलं नाही.

मित्रांनो, त्या एका वर्षात मी खुंट्याला बांधलेल्या अवस्थेत जळगावला गेले, नांदेडला गेले आणि अकोल्याला तर इतक्यांदा गेले की तिथल्या लोकांनी मला मतदार करून घ्यायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, तुला काय झालं? बसल्या जागी पगार! मला काय झालं ते ऐका. माझं इंजीन पाण्याने थंड होत नाही, वाऱ्याने होतं. मी उडते तेव्हा समोरचा वारा आत शिरतो आणि ते निवतं. बांधून ठेवलं की तो वारा कुठून यायचा? वैशाखात वऱ्हाडचं सिमेंट तापलेलं, त्यावर मी उभी, आणि आत तासन् तास आग. डोमाजी मेस्त्री एकदा न राहवून म्हणाले, “सायेब, बुढीचं डोक्सं तापून राह्यलं. असंच चाललं तं एखादा सिलिंडर फाटन.”

कॅप्टनसाहेब हसून म्हणाले, “मेस्त्री, तुम्ही फार हळवे आहात.”

डोमाजींनी दोराची गाठ आवळली. दोर बांधणारे हात त्यांचेच होते, मित्रांनो. हे मी लपवणार नाही. मला त्यांचा लोभ आहे, पण रागसुद्धा आहे.

या साठ मुलांत एक आचल होती. दर्यापूरजवळच्या गावची. बाप चंद्रभान, काळ्या जमिनीत कपाशी आणि हरभरा करणारा, आवाजाने खणखणीत. आचल बोलायला कमी, पण हात असा हलका की तिने मला उतरवलं तर चाकांना जमीन लागल्याचं मलाही उशिरा कळे. तिच्या वहीत एकशे एकोणसत्तर तास झाले होते. जूनमध्ये तिच्या एका पेपरची मुदत संपत होती. त्याआधी दोनशे झाले नाहीत तर तो पेपर पुन्हा. आणि एकट्याने परगावी जाण्याचं खरंखुरं उड्डाण तिचं अजून एकही झालेलं नव्हतं. ती दर आठवड्याला विचारी, “सर, माझं अकोला कधी?” साहेब म्हणत, “होईल हो.”

एप्रिलमधल्या एका सोमवारी ते म्हणाले, “उद्या सकाळी अकोला. एकटीने.”

पोरगी माझ्याभोवती तीनदा फिरली. संध्याकाळी शेडच्या दाराशी उभी राहून तिने बापाला फोन लावला. “बाबा, उद्या मी अकोल्याले जाऊन राह्यली. एकटी. आठच्या पुढे उतरीन.”

पलीकडून चंद्रभानचा आवाज मला शेडमध्ये ऐकू आला. फोन नसता तरी आला असता. “एकटी? म्हंजे संगं कोनीच नाई? मंग आमी येतो ना वो माय अकोल्याले! तू आभाळातून ये, आमी रोडानं येतो.”

आचल हसली. बाप थट्टा करतो आहे असं तिला वाटलं. इथेच तिची चूक झाली. आमच्या वऱ्हाडात माणूस ‘येतो’ म्हणाला की तो एकटा येत नाही.

मंगळवारी सकाळी ती नकाशा घेऊन आली. बडनेऱ्यावरून रेल्वेचे रूळ धरायचे, मूर्तिजापूर डाव्या हाताला ठेवायचं, पुढे अकोला. सगळं पेन्सिलीने आखलेलं. नियमाप्रमाणे फोन कपाटात जमा केला. आणि बाहेर येऊन बघते तर मी खुंट्याला.

“सर, दोर सोडायचा राहिला.”

“राहिला नाही. आज वारा ठीक वाटत नाही. इथेच करून घेऊ,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

वारा असा ठीक होता की झेंडासुद्धा झोपला होता.

“पण सर, हे अकोला आहे.”

“अकोलाच समजायचं. बस आत. मी खिडकीशी उभा राहतो, तुझी सोबत म्हणून.”

आणि मग, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा प्रवास सुरू झाला. वेगाचा काटा शून्यावर. उंचीचा काटा जिथल्या तिथे. पंखा भणभणतो आहे, पुढे चरणारी एक बकरी मान वर करून बघते आहे, आणि साहेब घड्याळ बघून ओरडून सांगतात, “हं, बडनेरा गेलं!” थोड्या वेळाने, “मूर्तिजापूर! बघितलंस?” आचल समोर बघत म्हणाली, “बकरी दिसते सर.” पस्तीस मिनिटांनी ते म्हणाले, “उतर आता. छान. इंजीन बंद कर, जरा पाणी पिऊन ये. अकोल्याला ऊन फार.” वीस मिनिटांनी आम्ही अकोल्याहून परत निघालो. परतीचा प्रवासही सुखरूप झाला. फक्त शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या आत उजवीकडे काहीतरी ‘टक्’ झालं. कुणाला ऐकू आलं नाही. डोमाजींना आलं. ते दुसरीकडे बघू लागले.

साहेबांनी शाळेच्या रजिस्टरात सुंदर अक्षरात लिहिलं. निघाली आठ दहा. अकोला, आठ पंचेचाळीस. तिथून नऊ पाच. परत नऊ चाळीस. “तुझ्या वहीत उतरव आणि दोन्हीकडे सही कर.”

“जेवून करते सर,” आचल म्हणाली. ती जेवली नाही. माझ्या पंखाच्या सावलीत वही मांडीवर घेऊन बसली.

दुपारी एकच्या सुमाराला फाटकातून दोन काळीपिवळी जिपा आत आल्या. काळीपिवळीत नऊ माणसं बसतात असा कायदा आहे. दोन जिपांतून चौतीस उतरली. सगळ्यांत पुढे चंद्रभान. डोक्यावरची टोपी हातात, शर्ट घामाने चिकटलेला, आणि आवाज... मित्रांनो, त्या माणसाला आवाजच नव्हता. तोंड उघडत होतं आणि काही बाहेर येत नव्हतं. त्याने मला बघितलं. मग पंखाखाली बसलेल्या आचलला बघितलं. आणि तिथेच सिमेंटवर मटकन बसला.

मागून त्याची बहीण वच्छलाबाई आली, हातात ओवाळणीचं ताट. तिने आचलच्या दोन्ही गालांवर हात फिरवले, मग फाडकन एक गालावर दिली आणि रडू लागली. “कुठी होती वो तू? काहून नाई आली? सकाळी सात वाज्यापासून आमी अकोल्याच्या विमानतळाच्या तारेपाशी उभे! आठ झाले, नऊ झाले, अकरा झाले. थो चौकीदार म्हने आज विमान नाईच. आमी म्हटलं आमची पोट्टी निंगाली हाय ना! तुह्या फोन बंद. तुह्या बाप तिथून सारा रोड वावरायकडे पाहत आला. कुठी धूर दिसते काय म्हनून! बोरगावले कोनी कपाशीची पराटी पेटवली होती, तं गाडी थांबवून वावरात पयत गेला, पयत!”

आचलने बापाकडे बघितलं. पायाला धसकटं लागून रक्त आलेलं होतं.

कॅप्टन यशोधन बाहेर आले. गर्दी बघून हात जोडून म्हणाले, “या, या. अभिनंदन! मुलगी आजच अकोल्याला जाऊन आली.” आणि सवयीने रजिस्टर पुढे केलं. “हे बघा. आठ पंचेचाळीसला अकोल्याला उतरली.”

चंद्रभानला आवाज सापडला. “कोन्या अकोल्याले?”

“म्हणजे?”

“दोन अकोले हायत काय सायेब? आमी आठ पंचेचाळीसले तिथंच होतो. हे चौतीस मानसं होते. हे ताट होतं. तुमचं विमान तेवढं नवतं.”

“तुमची नजर चुकली असेल. विमान फार वेगाने—”

“उतरलं म्हन्ता ना? वीस मिनिट उभं होतं म्हन्ता ना तिथं? सायेब, हे विमान हाय, चिमनी नाई!” चंद्रभान उठला, माझ्यापाशी आला आणि माझ्या पंखाला बांधलेला दोर हातात धरून त्याने ओढून बघितला. शेतकऱ्याला गाठ बघितली की सगळं कळतं. ती गाठ सकाळपासून सुटलेली नव्हती. त्याने डोमाजींकडे बघितलं. डोमाजी म्हणाले, “म्या बांधली, भाऊ. सुटलीच नाई.” एवढंच म्हणाले, पण एका वर्षात पहिल्यांदा म्हणाले.

साहेबांचा गोडवा मग उतरला. ते आचलला बाजूला घेऊन गेले. बाजू म्हणजे माझी डावी बाजू, त्यामुळे मी ऐकलं. “नीट विचार कर. आजचं खोटं म्हणशील तर आधीचंही खोटं ठरेल. तिथेही तुझ्याच सह्या आहेत. माझं जे व्हायचं ते होईल, पण तुझं लायसन गेलं. सही कर, वडिलांना समजाव. जूनपर्यंत तुझे दोनशे करून देतो.”

साहेब हे खरं बोलत होते, हा त्यातला सगळ्यात नीच भाग.

आचल बापापाशी आली. चंद्रभानने विचारलं, “बाई, याच्या आंदी किती डाव अशी उडाली तू?”

तिने वही उघडली. खुंट्यावरच्या प्रत्येक नोंदीपुढे तिने पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलेलं होतं, नुसतं बघणाऱ्याला दिसणार नाही एवढं. “सगळेच करतात म्हणून मीही केलं बाबा. एकतीस तास.”

“एकतीस.” चंद्रभानने एका टिंबावर बोट ठेवलं. “आनि उद्या तू मोठं विमान चालवशीन, त्याच्यात हे तुही आत्या बसन. वर काही बिघडलं, आनि नेमकं थेच या एकतीस तासात शिकाचं होतं, तं?”

आचलने वळून बघितलं. वच्छलाबाई ताट घेऊन मागे उभी होती.

आचलने डोमाजींकडे लाल पेन आणि पट्टी मागितली. माझ्या शेपटीच्या सपाट भागावर वही ठेवली. एकेक टिंब शोधून त्या ओळीवर रेघ मारायला लागली. साहेब म्हणाले, “तू वेडी आहेस का?” तिची पट्टी सरकली. चंद्रभान शेजारी उभा होता. तो म्हणाला, “सावकाश. रेघ सरळ येऊ दे.”

शेवटची रेघ मारून तिने खाली बेरीज लिहिली. एकशे अडतीस. सही केली. मग विमान खात्याला पत्र लिहिलं, त्यात आधी स्वतःचा गुन्हा लिहिला आणि नंतर साहेबांचा. डोमाजींनी त्याखाली आपलं नाव घातलं. उरलेल्या एकोणसाठ मुलांपैकी किती जणांनी सही केली ते विचारू नका. चार.

पुढचं ऐकायला तुम्हाला आवडणार नाही, मला सांगायला आवडत नाही. आचलला शाळेतून काढलं. खात्याने तिलाच आधी नोटीस दिली, कारण तिचा गुन्हा तिच्याच अक्षरात लिहिलेला होता, शोधायला सोपा. सहा महिने तिला कुठेही उडायची बंदी झाली. जून गेला, पेपर गेला. कॅप्टन यशोधन यांची चौकशी चालू आहे. चौकशी बरीच जोरात आहे असं ऐकते. आवाज मोठा येतो, जागा मात्र सोडत नाही. शाळेला कुलूप आहे. माझं इंजीन उघडलं तेव्हा उजवीकडच्या सिलिंडरला बोटभर चीर निघाली. तपासायला आलेल्या सरकारी साहेबांनी लिहिलं, ‘वयोमानामुळे.’ वयोमानामुळे! कुंदा मॅडमच्या हाताखाली मी हजारो तास उडाले, तेव्हा मला वय नव्हतं. मला वय आलं ते खुंट्यावर.

आता मी शेडमध्ये उभी आहे. अधूनमधून गावातल्या शाळांच्या सहली येतात. बाई सांगतात, ‘जुन्या वस्तूंची काळजी घ्यावी, त्यांना हात लावू नये.’ मित्रांनो, या बाईंचं ऐकू नका. मला हात लावा. आत बसा. सगळे काटे बघून घ्या आणि ते कशासाठी आहेत ते विचारा. विमान पुसून ठेवलं म्हणजे त्याची काळजी घेतली असं होत नाही. आणि तुमच्यातलं कुणी उद्या वैमानिक झालं, डॉक्टर झालं, पूल बांधायला लागलं, आणि एखाद्या गोड माणसाने म्हटलं की इथेच करून घेऊ, शिकल्याचंच समजू, तर त्याच्या इस्त्रीला भुलू नका. त्याच दिवशी भांडा. आचलसारखा एकतीस तास उशीर करू नका. तिला तो उशीर फार महाग पडला, आणि ती तर त्यातल्या त्यात भली पोरगी होती.

डोमाजी अजून येतात. नोकरी नाही, तरी येतात. काल आले ते शेडचं दार उघडताच बोलू लागले. आचलला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेने घेतलं. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी वहीतल्या लाल रेघा बघून विचारलं, हे काय? तिने सगळं सांगितलं. त्यांनी दोन महिने उत्तर दिलं नाही, मग बोलावलं. त्याच सकाळी तिने डोमाजींना फोन केला होता.

“बुढे, आयकून राह्यली काय?” डोमाजींनी माझ्या नाकावर थाप मारली. “पोट्टी काल दोन तास उडाली. खऱ्या हवेत. एकशे चाळीस झाले म्हने.”

दोनशेला अजून साठ राहिले.